किरकोळ दुरुस्त्या

प्रिय ठोंब्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. ईमेल तू उभ्याउभ्या चाळतोस आणि फोनवर मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, हे सुख मी पुरेपूर उपभोगणार आहे.

बातमी अशी की आई शनिवारी वाचनालयाच्या किल्ल्या परत देणार आहे. निवृत्तीनंतर ज्या टेबलावर तिनं स्वतःचं राज्य थाटलं, ते टेबल ती सोडतेय. विचारलं तर डोळे दुखतात म्हणते. डोळे तिचे ठणठणीत आहेत. परवा माझ्या बाहीवरचा चहाचा डाग तिनं दारातूनच हेरला. खरं कारण मला ठाऊक आहे आणि ते तुझ्या धंद्यातलं आहे. शनिवारच्या आत तिचं ते टेबल वाचवायचंय, आणि ते तुलाच जमण्यासारखं आहे. म्हणून नीट वाच.

वाचनालयाची वेबसाइट तीच सांभाळते, हे तुला माहीत आहे. कुठलं बटण कशाचं, हे विचारून विचारून तिनं माझा जीव खाल्ला, पण शिकली. वाचकांच्या अभिप्रायांसाठी वेबसाइटला आयता तुकडा जोडायचा होता, तिनं तुझंच प्लगइन जोडलं. त्याहून नटवी प्लगइन्स फुकटात मिळत होती, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. नवा सभासद आला की पुस्तकं राहिली बाजूला, आधी त्याला ती अभिप्रायाची पेटी दाखवायची आणि ही माझ्या मुलानं बनवलीय म्हणून सांगायचं. सभासद बिचारा कादंबरी घ्यायला आलेला असायचा. तोही मान डोलवायचा.

गेल्या महिन्यात त्या पेटीत एक अभिप्राय आला. मजकूर साधासुधा, पुस्तकं छान आहेत वगैरे. करामत नावात होती. नावाच्या चौकटीत कुणीतरी नावाऐवजी कोड लिहिला होता. मजकुराची चौकट तू चाळणी लावून साफ ठेवली होतीस, मी तपासलंय, काम झकास आहे. नावाची मात्र तशीच सोडलीस. नावात कोण काय घालणार, असं वाटलं असेल. अरे, माणसं नावाखाली काय काय खपवतात, हे आपल्या नातेवाइकांकडे बघून तरी कळायला हवं होतं.

आई सकाळी नेहमीसारखी लॉगिन करून अभिप्राय मंजूर करायला बसली. यादी उघडली आणि ते नाव स्क्रीनवर दिसायच्या ऐवजी चालू झालं. ब्राउझर पडला हुकमाचा ताबेदार; पानात कोड आला की चालवायचा, तो कुणी घुसवला हे विचारायचं नाही. आईला वेबसाइटचे सगळे अधिकार, म्हणून त्या कोडलाही सगळे अधिकार. त्यानं तिच्याच परवानगीनं एका परक्या माणसाला व्यवस्थापक करून आत घेतलं, आणि दुपारपर्यंत वाचनालयाच्या पहिल्या पानावर जुगाराच्या जाहिराती झळकायला लागल्या. शाळेच्या पोरांनी त्या पाहिल्या, पालकांनी अध्यक्षांना फोन केले, आणि अध्यक्षांनी भर बैठकीत आईला विचारलं की बाई, तुम्ही काय दाबलंत. आई गप्प राहिली. आपली आई गप्प राहिली, ठोंब्या. मला अजून संताप येतो.

मी वेबसाइट साफ केली, घुसखोराला हाकललं, पासवर्ड बदलले. दुसऱ्यांच्या वेबसाइट फोडून दाखवायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे या कामाला फार वेळ लागला नाही. मग तुझं प्लगइन उघडलं, जुनी आवृत्ती एका बाजूला आणि नवी दुसऱ्या. बघते तर हे भोक तू आधीच बुजवलेलं. एका ओळीत, आणि चांगलं बुजवलेलं. कुणीतरी तुला कळवलं असणार आणि तू जेवण सोडून कामाला लागला असणार, तुला मी ओळखत नाही का. इथपर्यंत तुझी पाठ थोपटते. मग नव्या आवृत्तीसोबत तू दिलेली सूचना वाचली. दोनच शब्द होते, किरकोळ दुरुस्त्या.

किरकोळ म्हणे. आईनं ती सूचना वाचली होती. ती वाचतेच, तू लिहिलेली असते ना. पण मागे एकदा काहीतरी अपडेट केल्यावर तिची सगळी बटणं इकडची तिकडे झाली होती, तेव्हापासून किरकोळ असेल तर हात लावायचा नाही असं तिनं ठरवलंय. बहुतेक शहाणी माणसं तसंच करतात. भोक होतं हे चारचौघांत कबूल करायला तुला लाज वाटली. मी तुला शेंबडा असल्यापासून बघतेय, मला कळतं ते. पण चोर काही तुझ्या सूचनेवर विसंबत नाहीत. मी केलं तेच ते करतात, दोन आवृत्त्या शेजारी ठेवतात आणि काय बदललं ते बघतात. म्हणजे तुझ्या दुरुस्तीनं चोरांना पत्ता कळला आणि तुझ्या सूचनेनं घरमालक झोपून राहिला. तुझं प्लगइन हजारो ठिकाणी लागलंय. दवाखाने आहेत, शिकवण्या आहेत, लोकांची दुकानं आहेत. तिथेही कुणीतरी आईसारखंच सकाळी लॉगिन करून बसत असेल.

तेव्हा आजच्या आज ती सूचना बदल. नावाच्या चौकटीतून कोड घुसू शकत होता, जुनी आवृत्ती धोक्याची आहे, नवी ताबडतोब घ्या, असं सरळ लिही आणि खाली स्वतःचं नाव घाल. चार लोक नावं ठेवतील, ठेवू देत. या धंद्यात चुका सगळ्यांच्या निघतात, माझ्याही निघाल्यात. लपवणाऱ्याचं प्लगइन घ्या असं मी कुणाला सांगत नाही, आणि तुझं घ्या असं मला छातीठोकपणे सांगायचंय.

हे सगळं मी आईलाच का सांगत नाही, असं तू म्हणशील. सांगितलं. तिला वाटतं, मी तिची समजूत काढतेय. तिच्या मते तिनंच काहीतरी भलतं दाबलं आणि तुझी चांगली चाललेली पेटी बिघडवली. आता अध्यक्ष चौकशी करणार, प्लगइन कुणाचं ते विचारणार, त्यात तुझं नाव येणार. त्यापेक्षा सगळं आपल्या अंगावर घेऊन टेबल सोडावं, म्हणजे पुढे कुणी विचारणार नाही, असं तिनं ठरवलंय. बैठकीत ती गप्प बसली ती याचसाठी. तुला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती, आणि ती मी या पत्रानं मोडतेय. ती तुझं नाव राखायला निघालीय, वेड्या, आणि तुला त्याचा पत्ताही नाही. माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही, तुझ्यावर बसेल. तिला फोन कर आणि सांग की आई, तू काही बिघडवलं नाहीस, चूक माझी होती.

तुझीच,
शपथ मोडलेली ताई