ठिपक्याची चंद्रकोर

ता. ९ फेब्रुवारी

ती. स्व. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. टपालाच्या थैलीतून माझ्या नावाचं जाडजूड पाकीट निघालं की पथकातले बाकीचे निरीक्षक हेव्याने बघतात. त्यांना घरून फार तर चार ओळी येतात.

मी इथे नेमकं करतो तरी काय, असं तुम्ही विचारलंत. सोप्यात सोपं सांगायचं तर दादा जन्मभर जे तपासून पुढे पाठवतो, ते मी इथे तपासून मोडीत काढतो. दोन्ही बाजूंनी लढाई थांबवायचा करार केला आणि आपापले तोफगोळे गावाबाहेरच्या गोदामात आणून ठेवले. आम्ही निरनिराळ्या देशांची माणसं मिळून ते मोजतो, पेट्यांना सील लावतो आणि थोडे थोडे करून निकामी करतो. बाहेरच्या कुठल्याही देशाने इथे नवीन शस्त्रं विकायची नाहीत, असंही त्या करारात सगळ्यांनी कबूल केलंय.

गोदाम म्हणजे जुनी कापडगिरणी. भिंतीच्या फटींतून अजून कापसाचे पुंजके निघतात आणि आमच्या कॉलरला चिकटतात. आमच्या दुभाषी बाई ह्याच गावच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा बंद पडली म्हणून आमच्याकडे आल्या. पहारेकरी हातवारे करत लांबलचक भाषण ठोकतो आणि बाई शांतपणे आम्हाला सांगतात, की तो नाही म्हणतोय. त्यांच्या ह्या एका वाक्याने आमचा दिवस जातो.

दादाची पाठ कशी आहे? माया आहेच तुमची, तिला ओहोटी लागू देऊ नका.

तुमचा धाकटा दीर


ता. २७ फेब्रुवारी

चि. भावजींस,
अ. उ. आ.

पत्र वाचून बरं वाटलं. दुभाषी बाईंबद्दल एवढा मजकूर आणि स्वतःच्या जेवणाखाणाबद्दल अवाक्षर नाही, हे काही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. भूगोल शिकवणाऱ्या बाई दिशा दाखवतील तिकडे जायला हरकत नाही, एवढंच वडीलकीच्या नात्याने लिहून ठेवते. तुमच्या पुतणीचं मत माझ्यापेक्षा पुढचं आहे. तिने काकूसाठी साडीचा रंगसुद्धा ठरवलाय.

तुमच्या दादांची पाठ कुरकुरतेच आहे. कारखान्यात सध्या कामाचा रेटा आहे, रविवारीही जावं लागतं. हॉलमध्ये तपासलेल्या मालावर स्वतःचा ठसा मारायचा अधिकार असलेले ते एकटेच जुने उरलेत, म्हणून सगळा भार त्यांच्यावर. पुढच्या वर्षी निवृत्त झाले की मी त्यांना घरातली गळकी नळजोडणी तपासायला लावणार आहे. तुमचं पत्र त्यांनी हातात घेतलं नाही, पण मी स्वयंपाकघरात गेल्यावर चष्मा लावून वाचलं. मग मला म्हणाले, की धाकट्याला कळव, आम्ही बनवतो म्हणून तुला मोडायला मिळतं. आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले.

थंडीचं जपा. कानाला गुंडाळायचा पट्टा पाठवते आहे, तो नुसता खुंटीला टांगून ठेवू नका. लोभ वाढता ठेवा, लठ्ठपणा नको.

तुमची वहिनी


ता. २१ मार्च

ती. स्व. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टा वापरतो आहे. आज मात्र थट्टेचं पत्र लिहवत नाही.

गेल्या आठवड्यात गिरणीच्या मागच्या दालनात, आम्हाला न दाखवलेल्या पेट्या सापडल्या. आत तोफगोळ्यांचे फ्यूज होते, म्हणजे गोळ्याच्या टोकाला बसणारा, त्याला फोडणारा पितळी भाग. कारखान्याचं नाव घासून काढलेलं होतं. पण तपासनिसाचा बारीकसा ठसा कडेला तसाच राहिला होता. चंद्रकोर.

माझ्या शाळेच्या डब्यावर दादाने हौसेने उठवून दिलेला ठसा तुम्हाला आठवत असेल. मी तो पाच वर्षं रोज पाहिला आहे. दुभाषी बाईंनी विचारलं, की कुणी ओळखीचं भेटल्यासारखं का बघताय.

मी त्याच दिवशी पथकप्रमुखांना सांगितलं, की हा ठसा माझ्या सख्ख्या भावाचा आहे. त्यांनी मला ह्या तपासातून बाजूला केलं, आणि ते बरोबरच आहे. आपल्या देशाच्या प्रतिनिधींचं म्हणणं असं, की हा बंदीच्या आधीचा जुना माल असणार. पण डब्यावर नुसती कोर होती, आणि इथे कोरीशेजारी एक ठिपका आहे. तो ठिपका कधीपासून आला, हे एकटा दादाच सांगू शकेल. तो बंदीनंतरचा निघाला तर मालही नंतरचाच हे सिद्ध होईल, आणि आमच्या पथकाची मुदत वाढवायला कुणाला ना म्हणता येणार नाही. करारातल्या देशांचं मतदान पुढच्या महिन्यात आहे, आणि तिथे एकमत लागतं.

करारावर देखरेख करणाऱ्या आयोगाची माणसं दादाला भेटायला येतील. काय सांगावं हे मी त्याला शिकवणार नाही, तो माझा हक्क नाही. ती येणार आहेत एवढंच कळवतो, म्हणजे दारात अचानक पाहून तो गांगरणार नाही. त्याच्या हातून काही वावगं झालेलं नाही, हेही त्याला सांगा.

तुमच्या मायेच्या भरवशावर असलेला,
धाकटा दीर


ता. १६ एप्रिल

चि. भावजींस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुमचं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ठिपक्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं. मग सांगितलं, की जुना ठसा झिजला म्हणून नवा मिळाला, त्यावर ठिपका आहे, आणि तो बंदीनंतरचाच. पेट्या आपल्याच सैन्याच्या कोठारात जाणार असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यावर त्यांनी सह्या केल्या. एवढं बोलून ते गच्चीत जाऊन उभे राहिले.

आयोगाची माणसं आली तेव्हा त्यांनी त्यांना चहा दिला आणि आठवून सांगतो म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा बरं नाही असं मला सांगायला लावलं. मी सांगितलं. तोपर्यंत व्यवस्थापकांनी हॉलमधल्या सगळ्यांना जमवून बजावलं होतं, की हा माल जुना आहे, आणि कुणी वेगळं बोललं तर ऑर्डरी थांबतील आणि हॉलला कुलूप लागेल. त्या दिवसापासून तुमच्या दादांच्या हाताखालची माणसं कामावरून जाताना मुद्दाम आपल्या घरावरून जातात. मालाचा विषय काढत नाहीत. आमच्याकडे बघून हसतात, मुलांची चौकशी करतात. त्याचंच दडपण येतं.

तुमची पुतणी बापाशी बोलत नाही. मी मात्र त्यांना टोकलं नाही, भावजी. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, ते सुखाने जावेत असं मलाही वाटलं. तुमच्या त्या गावातल्या बायका मला दिसत नाहीत, हॉलमधल्यांच्या बायका रोज दिसतात. रागावू नका असं कुठल्या तोंडाने लिहू? रागावलात तरी पत्र लिहीत जा.

तुमची वहिनी


ता. ३० एप्रिल

ती. स्व. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मतदान झालं. आपल्या देशाने आणि आणखी दोघांनी विरोध केला. जुन्या मालावरून एवढा गाजावाजा कशाला, असं सभेत बोललं गेलं. मुदत वाढली नाही. पथक परत निघालं आहे.

आम्ही लावलेली सीलं तशीच आहेत. ती शिशाची आणि तारेची, पक्कड असलेला कुणीही तोडू शकतो. त्यांची राखण आम्ही तिथे असण्यानेच होत होती. अर्ध्याहून जास्त पेट्या अजून भरलेल्या आहेत.

दुभाषी बाईंनी शेवटच्या दिवशी पहारेकऱ्यांचे आणि आमचे निरोप इकडून तिकडे सांगितले. पहारेकरी नेहमीसारखा लांबलचक बोलला. ह्या वेळी त्यांनी प्रत्येक शब्द सांगितला. तो म्हणत होता, की तुम्ही गेल्यावर कुणाच्या हुकुमाने काय करायचं ते आम्हाला सांगून जा. आम्ही आमचं सामान गाडीत चढवत राहिलो. मी बाईंना माझ्याबरोबर चला म्हणालो. तुमची थट्टा खरीच होती, वहिनी. त्या म्हणाल्या, की वडील अंथरुणाला खिळलेत, आणि तुम्ही तरी इथे कुठे राहताय.

मी रागावलेलो नाही. थकलोय. कृपा राहू द्या.

धाकटा


ता. ५ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही, तुझ्या वहिनीनेच आजवर ते सांभाळलं. हे मात्र मीच लिहायला हवं.

मी गेल्या गुरुवारी आयोगाच्या कचेरीत जाऊन आलो. ठिपका, तारीख, पेट्यांवर काय लिहिलेलं होतं, सगळं सांगून सही केली. समोरचा माणूस तरुण होता, अदबीने वागला. सगळं लिहून घेतल्यावर म्हणाला, की काका, मतदान सोमवारीच झालं, पण कागद जपून ठेवू. मला तेव्हा कळलं. मी त्याला विचारलं, की मग तू आधीच का नाही सांगितलंस. तो म्हणाला, की ते कळल्यावर तुम्ही सांगायचे थांबाल असं वाटलं, आणि मला तुमचं ऐकायचं होतं.

कुणी मला घालवलं नाही, मीच गेलो. पोरीने एके सकाळी मला सरळ विचारलं, की बाबा, तो गोळा कुठे पडेल हे तुम्हाला ठाऊक असतं तर ठसा मारला असता का. मी नाही म्हणालो. मग ती म्हणाली, आता ठाऊक आहे.

कारखान्यात माझा ठसा काढून घेतला. मला भांडारात बसवलंय, तिथे काम नाही. हॉल बंद झालेला नाही. ऑर्डरी चालू आहेत, दुसऱ्या कुणाच्या तरी ठशाने.

तुझ्या त्या गावात आता काय चाललंय? त्या बाई कशा आहेत? आजवर मी हे कधी विचारलं नाही. खरं असेल तेच लिही.

तुझा दादा


ता. २८ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू खरं लिही म्हणालास, म्हणून लिहितो.

बाईंचं पत्र आलं. भरदिवसा ट्रक आले. पहारेकऱ्यांनी स्वतः सीलं तोडली आणि पेट्या चढवायला हात लावला. सगळं गाव दारात उभं राहून बघत होतं, बाईही होत्या. आता टेकडीच्या पलीकडून आवाज सुरू झाले आहेत. वडिलांना हातगाडीवर घालून ती दोघं निघणार होती. कुठे, ते ठरलेलं नव्हतं. पत्ता कळवते असं लिहिलंय, पण त्यानंतर पत्र नाही. माझ्याकडे त्यांनी काही मागितलेलं नाही. फक्त इतकंच, की तुमचं पथक कधी परत आलंच तर नवा दुभाषी शोधताना त्याला पहारेकऱ्याचं बोलणं तोडून सांगायची सवय लावू नका.

मी वरिष्ठांकडे अर्ज केलाय. तुझी साक्ष जोडून पुढच्या सभेत विषय पुन्हा काढायचा आमचा प्रयत्न आहे. सभा हिवाळ्यात आहे.

तुझ्यावर मी चिडलो होतो, दादा, हे कबूल करतो. पण तू उशिरा का होईना, गेलास. मी निघून आलो. ह्या दोहोंत तुला लाज वाटावी असं काही नाही.

पुढच्या आठवड्यात घरी येतोय. वहिनींना सांग, काही विचारू नका. तू मात्र विचार. तुझ्या मायेची गरज आहे, ती असू दे.

तुझा धाकटा