केटलीच्या मागे, जरा डावीकडे

तीर्थरूप अक्कांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगांनी घालतो आहे, उरलेली तीन पोचली असं समजावं.) आपला गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का? काठी सुटली का? डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते आणि आता पाचवा महिना लागला, म्हणून काळजीपोटी विचारतो, दुसरा काही हेतू नाही. आपल्या मदतीला आलेली आपली धाकटी बहीण गेल्यापासून इथे घर अगदी व्यवस्थित चाललं आहे. दूध दोनदाच उतू गेलं (या आठवड्यात). कुंडीतली दोन झाडं गेली, पण ती आधीपासूनच टेकीला आली होती असं माझं मत आहे.

खरं सांगू का अक्का, ती तुमच्या गुडघ्यासाठी आलेली नाही. म्हणजे गुडघा खरा आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती निघाली ती माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि आता ती परत येते की नाही हेच मला कळत नाही. काय झालं ते तिने तुम्हाला सांगितलं नसणार. ती सांगत नाही. फोन केला तर "जेवलात का?" एवढंच विचारते आणि फोन तुमच्या हातात देते. म्हणून मीच सांगतो, आणि जरा मुळापासून सांगतो, कारण भिंगाचं शास्त्र समजल्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला समजायचा नाही.

कॅमेऱ्याच्या भिंगात एक छिद्र असतं. ते लहानमोठं करता येतं. छिद्र मोठं ठेवलं की जिथे फोकस केला तेवढंच स्पष्ट येतं आणि त्याच्या पुढचं-मागचं सगळं धूसर होऊन विरघळतं. छिद्र बारीक केलं की पायाच्या अंगठ्यापासून खिडकीबाहेरच्या झाडापर्यंत सगळं लख्ख. (गंमत म्हणजे छिद्र मोठं तसा त्याचा आकडा लहान. हे माझ्या डोक्यात शिरायला चार महिने लागले. खालच्या सलूनवाल्याला मी समजावून सांगितलं तेव्हा त्याच्या डोक्यात एका दाढीत शिरलं, पण त्याने आधी कुठेतरी ऐकलं असेल.) आता मी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. पानावरची एक चूक मला दिसते, पान दिसत नाही. अशा माणसाच्या हाती मोठ्या छिद्राचं भिंग पडल्यावर दुसरं काय होणार? मी त्याच्या नादीच लागलो. एक वस्तू धरायची, तिच्यावर फोकस करायचा आणि बाकीचं जग पुसून टाकायचं. वीस-बावीस वर्षं मी तेवढंच केलं, आणि त्याला कला म्हणत आलो.

निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या दालनात चाळीस फोटो मांडले. केटलीची वाफ, नळाला लोंबणारा थेंब, नातीचा गाल, चष्म्याची काडी. लोक वा वा म्हणाले. सलूनवाला तर म्हणाला की मागचं काय विरलंय हो, बघतच राहावं. तुमची बहीण एकेका फोटोपुढे थांबत शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यापाशी आली आणि तिने मला विचारलं, "यात मी कुठे आहे?" आणि अक्का, मी तिचा हात धरून तिला केटलीपाशी नेलं आणि छाती फुगवून म्हणालो, "ही काय! केटलीच्या मागे, जरा डावीकडे. निळसर दिसतंय ना, ती तू. बघ तरी किती मऊ आली आहेस!" ती म्हणाली, "छान आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. मी स्वतः ती बॅग थांब्यापर्यंत उचलून नेली आणि वाटेत तिला भिंगाबद्दल आणखी थोडी माहिती दिली.

पहिला महिना माझ्या काहीच लक्षात आलं नाही. दुसऱ्या महिन्यात वाटलं, टेबलावर तिचा एखादा फोटो लावावा. मग पेटारे उपसले. भिंग घेऊन बसलो आणि जुन्या सवयीने यादीच केली. दोनशे बारा फोटोंत ती आहे. नळाच्या मागे हिरवट. गालाच्या मागे उभा पिवळा पट्टा, बहुधा कपडे वाळत घालताना. काही ठिकाणी मी ओळखू शकलो नाही, तेव्हा समोरच्या शिंप्यांना बोलावलं. त्यांनी रंगावरून सांगितलं, "हे मीच शिवलंय, बाही जरा सैल झाली होती, त्या काही बोलल्या नाहीत." म्हणजे बायको ओळखायला मला शिंपी लागला. हे वाक्य मी पत्रात चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा ठेवलं आहे.

शेवटी एका पाकिटात एक फोटो सापडला. पाकिटावर माझ्याच अक्षरात 'बाद' असं लिहिलेलं. खिडकीत चिमणी बसली होती, मी बाहेर गॅलरीतून घाईघाईत फोकस केला आणि तो चुकून मागे, घरात जाऊन बसला. चिमणी म्हणजे नुसता करडा डाग. आणि तिच्यामागे दोन हातांवर ही, पदराला हात पुसत उभी, पापणीचा केस न् केस दिसेल इतकी स्पष्ट. ती चिमणीकडे बघत नाही, माझ्याकडे बघते आहे. रागावलेली नाही, कंटाळलेलीही नाही. माझं संपायची वाट बघते आहे. फोटोच्या पाठीवर मी लाल शाईने मुद्रितातली 'काढून टाका'ची खूण केली आहे. इतकी वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाने हिच्यावर फुली मारली, अक्का. मला तिची फार आठवण येते. हे असं सरळ लिहिणं आपल्याकडे बरं दिसत नाही, पण येते.

मग ठरवलं की ती येईपर्यंत सगळं स्पष्ट आणायला शिकायचं. छिद्र अगदी बारीक केलं. त्याने उजेड कमी येतो, म्हणून झडप दोन सेकंद उघडी ठेवावी लागते, आणि तेवढा वेळ कोणी हलायचं नाही. सरावासाठी सलूनवाल्याला पुढे बसवलं आणि शिंप्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं. जो माणूस दिवसभर गिऱ्हाइकांना मान हलवू नका म्हणून दम देतो, त्याची मान दोन सेकंद राहिली नाही. त्याला दोन नाकं आली. शिंपी मुळीच हलले नाहीत, पण त्यांनी श्वास कोंडून धरला होता, त्यामुळे ते आत्ता फुटतील असे आले आहेत. पुढे पुस्तकात वाचलं की पुढचा आणि मागचा दोघेही स्पष्ट हवे असतील तर फोकस दोघांवरही करायचा नसतो. पुढच्याच्या थोडं मागे, मधल्या जागी करायचा. टेप घेऊन मोजलं. आमच्या खोलीत ती जागा म्हणजे बरोबर तिची खुर्ची.

खुर्ची रिकामी. फोकस करायला काहीतरी हवं म्हणून उशी ठेवली, तर ती घसरली. मग वर्तमानपत्र उभं केलं. फोटो धुऊन आणला, आणि काय सांगू, माझ्या चपलेच्या टाक्यापासून बरण्यांच्या झाकणांपर्यंत, खिडकीच्या गजांपर्यंत सगळं जिथल्या तिथे. मध्ये खुर्ची आणि खुर्चीत वर्तमानपत्र. सलूनवाला म्हणाला, "आता कसा बिनचूक आलाय!" मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. हे त्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर झालं, म्हणजे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

असो. गुडघ्याला जपा. उगाच घाई करू नका. बाकी सर्व क्षेम.

आपला (आणि अजून तरी आपल्या बहिणीचा),
मुद्रितशोधक, निवृत्त

ता. क. घाई करू नका असं वर शिष्टाचार म्हणून लिहिलं आहे. परवा फोनवर मागून आपल्या काठीचा आवाज आला नाही. पावलांचा आला, आणि चांगला भरभर आला. मी काही म्हणत नाही.

दुसरा ता. क. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून आपण पत्रं स्वतः वाचत नाही, बहिणीकडून वाचून घेता, हे मला ठाऊक आहे. तेव्हा यापुढचं तिने मोठ्याने वाचू नये, ही विनंती.

अगं, तुला पत्र कसं लिहितात ते मला येत नाही. चौतीस वर्षांत तू कधी कुठे गेलीच नव्हतीस, मग लिहिणार कुठे? म्हणून आताही अक्कांना पुढे बसवलं आणि तुला मागे उभं केलं. खोड जाता जात नाही. अक्कांचा गुडघा कसा आहे ते मला कळलं, तू कशी आहेस ते कोणीच सांगत नाही. ये. आल्या आल्या फोटो काढीन म्हणून घाबरू नकोस, कॅमेरा कपाटात ठेवला आहे. काही दिवस मला समोर बसून तुला नुसतं बघायचं आहे.