बॉनेटवर ठेवलेला हात

पुणे, शनिवार, २२ नोव्हेंबर २००३

आज लोणीच्या शेतासाठी छोटा ट्रॅक्टर ठरवला. हे गेल्यापासून दीर म्हणताहेत, "वहिनी, शेत विका. पोरगी हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसते. गहू कोण पेरणार?"

दुकानदार माहिती देत होता, तेवढ्यात मनीषाने ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवला. "गरम आहे. आम्ही यायच्या आधीच चालू केला होतात. थंड होऊ दे, मग चालू करून दाखवा. थंडीत पहाटे अडला तर?"

"ताई, ट्रॅक्टर आहे, चहा नाही, निवायची वाट बघायला."

"मग चहाच सांगा. आम्हाला वेळ आहे."

दोन तास बसलो. मला संकोच वाटत होता. निवल्यावर तो नुसता खोकत राहिला. शेजारचा, त्याहून लहान, सकाळपासून थंडच उभा होता, तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. तोच घेतला.

पण तो हात. विहिरीवरचं इंजिन चालू करताना हे असाच ठेवायचे, पंजा पूर्ण टेकवून. तिला कधी शिकवलं यांनी? येताना विचारलं.

"शिकवलं नाही गं. मी बांधावर अभ्यास करत बसायचे ना, तेव्हा दिसायचं."

मला वाटायचं, हिचं लक्ष फक्त पुस्तकात.

उद्या दिरांना मीच फोन करीन. गहू मनीषा पेरणार आहे.