सातव्या खणातलं पिक अप

ती. ताईस,

धाकट्याचा दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? (उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे, पण विचारायची पद्धत आहे.) इकडे मी मजेत आणि ही मला सहन करतेय.

पत्रास कारण की मी इंग्रजी शिकतोय. हसू नकोस. हल्ली गिऱ्हाइकं घड्याळ टेबलावर ठेवतात आणि 'गुरुवारी पिक अप करतो' म्हणून चालू लागतात. त्यांना तोऱ्यात उत्तर देता यावं म्हणून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंकडे शिकवणी लावली. त्या म्हणाल्या, आधी हे एकच क्रियापद पक्कं करा. म्हटलं, दोन दिवसांत उडवतो. कसलं काय! फोन उचलला की पिक अप, मुलांना शाळेतून आणलं की पिक अप, कुणाची सर्दी आपल्याला लागली तरी पिक अप, मग त्यातून बरं वाटलं की पुन्हा पिक अपच. धंदा वाढला तरी तेच, आणि भाषा नुसती कानावर पडून आली तरी तेच (मला तर बाई समोर बसूनही येईना). एकट्याच्या गळ्यात इतकी कामं पडलेली मी एकदाच पाहिली, ती आपल्या घरी, तुझ्या गळ्यात.

तुला माहीत आहे, सुटे भाग खणांत लावल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून एकेका अर्थाची चिठ्ठी केली आणि स्क्रूच्या कपाटातल्या एकेका खणात टाकली. सहा बसल्या. सातवी होती, 'जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू करणं'. शेवटचा खण ओढला, तर आत तुझ्या घड्याळाचे स्क्रू.

बाबांचं ते घड्याळ 'आठ दिवसांत देतो' म्हणून आणलं, त्याला दीड वर्ष झालं. दर फोनला मी 'झालंच आहे' म्हणायचो. शेवटी तू म्हणालीस, "घड्याळ राहू दे, पण खोटं बोलू नकोस," आणि फोन उचलणंच सोडलंस. ताई, ते झालं नव्हतं. लोकांची घड्याळं बिनधास्त खोलतो, पण हे खोललं आणि हात चालेना. बाबांनी बसवलेलं माझ्या हातून बिघडलं तर, याची भीती वाटली. हे तुला सांगायचीही लाज वाटली.

आता चिठ्ठीला खण हवा, तर स्क्रू ठेवायचे कुठे? बसवूनच टाकले. चार दुपारी लागल्या. गिऱ्हाइकं ताटकळली, त्यांना हिनं शुद्ध मराठीत परत पाठवलं.

तुझा आवाज ऐकल्याशिवाय करमत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. घड्याळ चालतंय.

ता. क. २. एक स्क्रू उरलाय. कुठला ते कळत नाही. बाराला तेरा ठोके पडतात. हे आधीच सांगतोय, म्हणजे खोटं बोललो असं व्हायला नको.

ता. क. ३. रविवारी घड्याळ घेऊन येतोय. फोन नाही उचललास तरी चालेल. दार तेवढं उघड.