दोन अक्षरं खोडल्याची हकीकत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (यातला भाऊजींच्या वाट्याचा सध्या तुझ्याचपाशी राहू दे.) तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस, की घेते असं नुसतंच सांगतेस? फोनच केला असता, पण पलीकडून भाऊजी कोण आहे म्हणून विचारतात आणि तू 'कोणी नाही' म्हणतेस. ते खरं असल्यामुळे जास्त लागतं. म्हणून पत्र.

परवाची माझी चूक त्यांनी तुला सांगितलीच असेल. आता घडलं ते ऐक. दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी आपण (म्हणजे मी, कंपनीच्या पाटीवर भाऊजी) पेशंटच्या वेळा सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिलाय. असलं काही कोणी शून्यातून लिहीत नाही. बाजारात फ्रेमवर्क म्हणून तयार सांगाडा मिळतो. त्यातला एखादा क्लास, म्हणजे साचा, घ्यायचा, त्याच्यावर आपला बेतायचा, आणि आपल्या मेथड, म्हणजे एकेका कामाच्या सूचना, त्यात घालायच्या. खासगी मेथडला नाव काय द्यावं ही आपली मर्जी. पण फ्रेमवर्कवाल्यांच्याही खासगी मेथड असतात आणि त्यांची नावं ते कुणाला सांगत नाहीत. दोन्हीकडे एकच नाव निघालं, तर ते हाक मारतात त्यांच्या मेथडला आणि ओ देते आपली. म्हणून मी प्रत्येक नावाआधी कंपनीची दोन अक्षरं लावत असे.

भाऊजींना ती खुपली. स्वतःच्या घरात कुणी छातीवर नावाची पट्टी लावून हिंडतं का, असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि बसल्या बैठकीला ती खोडून टाकली. घर आपलं नाही, भाड्याचं आहे, एवढंच मी म्हटलं. त्यावर मला चहा सांगायला पाठवलं.

आमची 'क्लीअर' नावाची एक मेथड होती. डॉक्टरीणबाई आजारी पडल्या तर दिवसभराच्या भेटी रद्द करून पेशंटना तसा मेसेज धाडणारी. गेल्या आठवड्यात फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली. तिच्यात पान उघडलं की स्क्रीन पुसून नव्याने दाखवायला त्यांनीही एक खासगी मेथड घातली. नाव 'क्लीअर'.

परवा सकाळी काउंटरवरच्या बाईंनी दिवसाचं पान उघडलं आणि सगळ्या भेटी रद्द. बिचारीने एकेकाला फोन करून माफी मागितली, वेळा पुन्हा भरल्या, आणि नीट भरल्या गेल्या ना हे बघायला पान परत उघडलं. (मन लावून काम करणाऱ्याचं असंच होतं.) एक आजोबा तर खुर्चीत आ वासून बसले होते, अर्धा जबडा बधिर. खिशातला फोन वाजला. आज डॉक्टर येऊ शकत नाहीत हे त्यांनी वाचलं, आणि माणूस शिस्तीचा, समोर उभ्या डॉक्टरीणबाईंना हात जोडून तोंडातल्या कापसासकट घरी निघून गेले.

आम्हा दोघांना बोलावणं आलं. मी तोंड उघडायच्या आत भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मुलगा अजून शिकतोय, मॅडम."

(मुलाच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत, तू पाहिलेस.)

"मग शिकलेल्याला पाठवा."

"मीच आलोय ना," भाऊजी म्हणाले.

तिथेच काउंटरपाशी उभ्याने मी ती अक्षरं परत लावली. भाऊजी तोवर दात तपासून घेत होते. येताना गाडीत म्हणाले, की घरच्या माणसाने एवढं अंगावर घ्यायचं असतं. घेतलं. बाहेरचा असतो तर निदान भांडलो असतो.

तुझा,
धाकटा

ता. क. राजीनामा टाइप करून ठेवलाय, पण त्यांच्या टेबलावर ठेवायला हात धजत नाही. जेवण झाल्यावर, मूड बघून, तूच सांग.

आणखी ता. क. जाऊ नको म्हणून त्यांनी आग्रह केला, तर लगेच 'तो ऐकणार नाही' म्हणू नकोस. जरा करू दे.

शेवटचं ता. क. आग्रह केलाच नाही, तर केला होता असं कळव.