ताईने निवडलेली कुत्री

रविवार, ८ फेब्रुवारी २००९
अंबरनाथ पूर्व

भाची ऋचाला ऑर्कुटवर गाजणाऱ्या त्या पांढऱ्या, केसाळ कुत्र्यासारखंच पिल्लू हवं होतं. म्हणून ती, ताई आणि मी बदलापूरच्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये गेलो. पिल्लं होती, पण ताई कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या कुत्रीपाशीच थांबली.

"बहिरी आहे हो. हिला कोण नेणार?" तिथल्या बाई म्हणाल्या.

"मी नेते ना."

ऋचा रडायलाच लागली. "आई, हिचा फोटो कोण बघणार?"

"फोटो राहू दे. आपण तिलाच बघू."

मला जमलं असतं हे? छे! ताईच ती.

घरी आल्यावर कुत्री दारातच अडून बसली. हाका मारून काय उपयोग, बहिरी ती. शेवटी रुसलेली ऋचाच खाली बसली आणि तिने फरशीवर हळूच थोपटलं. फरशीची थरथर जाणवली तशी कुत्री उठली, आत आली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपली.