मुशीच्या तेलाचा तंबू

बाबा, माझगावच्या त्या शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्याने तुम्हाला फसवलं नव्हतं. तंबू चांगलाच होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे सांगून आता कोणाचं काही बनणार नाही की बिघडणार नाही, तरी लिहिते. परवा जावई विचारत होते, सुट्टीत मुलांना घेऊन माथेरानला उघड्यावर राहायचं आहे, सगळ्या कुटुंबाला पुरेल आणि दहा वर्षं टिकेल असा तंबू कसा बघून घ्यायचा. मी म्हटलं, कापडाची झोळी धरा, तांब्याभर पाणी ओता आणि पान खाऊन होईपर्यंत थांबा. खालून ओल आली तर उठून चालू लागा. ते बघतच राहिले. सासूबाईंना हे कुठून ठाऊक, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हापासून ते सगळं डोक्यातून जात नाही.

ठाकूरद्वारच्या आपल्या चाळीत जिन्याखाली उंदीर मरून पडू लागले, त्या माघातली गोष्ट. मी दहा वर्षांची, आईला सातवा महिना. समोरच्या बिऱ्हाडातली थोरली सून दोन दिवसांत गेली आणि तिसऱ्या दिवशी निम्मी चाळ रिकामी झाली. ज्यांना गाव होतं ते गावी गेले, उरलेले दादरच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहू लागले. तुम्ही म्हणालात, झोपडी नको. ठिणगी पडली तर जाईल, वारा सुटला तर उडेल, आणि हा रोग पुढल्या वर्षी परत येणार नाही कशावरून? तंबूच घ्यायचा, आणि असा घ्यायचा की बाळ त्यात रांगायला लागलं तरी तो उभा राहील. शेजारचे हसले. बाळंतीण तंबूत ठेवणार म्हणे, लढाईला निघालेत की काय! पण तुमचं ठरलं की ठरलं. रोग पुढल्या वर्षी आला, त्याच्या पुढल्या वर्षीही आला, आणि हसणारे आपल्याच तंबूची चौकशी करत आले. तुम्ही बरोबर होतात. तुम्ही नेहमीच बरोबर असायचात.

तुम्ही दोन तंबू नापसंत केलेत ते मला आठवतं, कारण दोन्ही वेळा तुम्ही मला बरोबर नेलं होतं. पहिला पलटणीतला जुना. मोठा आणि दिसायला रुबाबदार, पण तुम्ही घडी उलगडून तिच्या दुमडीवर नख ओढलंत आणि कापड टर्रकन फाटलं. दुसरा बाजारातला, नवाकोरा पांढराशुभ्र. त्याच्यातून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तू हसतेस ते मला दिसतंय. मग ऊनही दिसणार आणि पाऊसही." मग आपण माझगावला गेलो. तुमच्या गोदीच्या कचेरीतून शिडांची कामं त्या म्हाताऱ्याकडे जायची. तुमची आणि त्याची तपकिरीची मैत्री, म्हणजे डबी तुमची आणि चिमूट दोघांची. तो पाय पसरून बसलेला, तळहाताला चामड्याचा तुकडा बांधून वीतभर लांबीच्या सुईने शिवत होता. तुम्हाला पाहून उठला नाही. शिडाच्या जाड कापडाची झोळी त्याने स्वतःच धरली. "पंत, पानी वता," म्हणाला. तुम्ही ओतलंत. मी खालून हात लावायला गेले तर ओरडला, "ए पोरी, खालनं हात न्हाय लावायचा, हात लावला की गळतंय!" तुम्ही दोघांनी तपकीर ओढली, गोदीतल्या नव्या साहेबाला नावं ठेवलीत, आणि पाणी जसंच्या तसं. तेव्हा तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. कचेरीतल्या माणसांच्याही खांद्यावर तुम्ही कधी हात ठेवत नव्हतात.

आठ दिवसांनी तंबू तयार झाला. शिवणींना त्याने मेण आणि मुशीचं तेल चोळलं होतं. पाण्यात जाणारी प्रत्येक वस्तू ही माणसं त्या मासळीच्या तेलानेच राखतात. त्याने तुम्हाला माझ्यादेखत बजावलं, "चार उन्हं द्या, वास जातो. पन धुवायचा न्हाय हां." परतताना व्हिक्टोरियात तुम्ही मला म्हणालात, "तेल कसलं ते आईला सांगायचं नाही." मी मान हलवली. आपल्या घरात मासळीचं नाव घेतलं तरी चूळ भरायची रीत, आणि तुम्ही चांगला मासळीच्या तेलाचा तंबू घेऊन निघालात! मला गंमत वाटली होती, खोटं कशाला सांगू. घरी तुम्ही आईला एवढंच म्हणालात, "धुवू नका. का ते विचारू नका." अहो बाबा, बाईमाणसाला "का ते विचारू नका" म्हटलं की ती विचारत नाही, पण करायचं ते करतेच.

माळावर तंबू उभा राहिला आणि तुम्ही कचेरीला गेलात. आई आत शिरली आणि तोंडाला पदर लावून बाहेर आली. तिला आधीच अन्नाचा वास सोसत नव्हता, त्यात हे. ती मला म्हणाली, "ह्यात देव कुठे ठेवू? ह्यात सोवळ्याचा स्वयंपाक करू? खरं सांग, कसलं तेल आहे?" मी सांगितलं. दोन दिवस मोठ्या गुपितासारखं पोटात ठेवलं होतं, तिने एकदा विचारलं आणि बाहेर पडलं. तिने कपाळाला हात लावला. मग आम्ही दोघींनी रिठे भिजवले, विहिरीचं पाणी काढलं आणि एकूण एक शिवण घासली. ती सात महिन्यांची पोटुशी बाई स्टुलावर उभी राहून घासत होती आणि मी खालून बादल्या देत होते. चार वाजेपर्यंत सगळं वाळलं. वास गेला. ती म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ, बोलशील तर." संध्याकाळी तुम्ही आलात, नाक वर करून हुंगलंत आणि खूष झालात. "बघ, म्हातारा म्हणाला होता, उन्हाने वास जातो."

फाल्गुनात एका सकाळी अवकाळी सर आली. फार नव्हती, अर्धा तास असेल. पण सगळ्या शिवणी एकदम गळू लागल्या, आईची गादी भिजली, धान्य भिजलं, आणि ती कुडकुडत माझ्याजवळ बसली. बाळंतपण महिन्यावर आलेलं. तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तुम्ही विचारलंत, "कोणी धुतला का हा?" आई म्हणाली, "नाही." माझ्याकडे तुम्ही पाहिलंतच नाही.

म्हातारा निरोप मिळताच माझगावाहून दादरपर्यंत चालत आला, सुई-दोरा आणि तेलाचं मडकं घेऊन. त्याने शिवण बोटाने चोळली, बोट नाकाशी नेलं. "पंत, ह्यो धुतलाय."

"घरात मी विचारलंय. नाही धुतला."

"कोनीतरी धुतलाय."

"म्हणजे माझी बायको खोटं बोलते?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. रिठ्याने सोललेली माझी बोटं केव्हाच बरी झाली होती, तरी ती मी परकराच्या घडीत लपवली. त्याला कळलं, बाबा. मला कळलं की त्याला कळलं. त्याने तेलाचं मडकं उघडलं. दिवसभर बसून त्याने प्रत्येक शिवणीला पुन्हा तेल चोळलं आणि पाणीसुद्धा न पिता गेला. त्यानंतर आईने नाकाला पदर लावला नाही. त्याच वासात ती बाळंत झाली, बाळ कोरडं राहिलं, आणि तंबूने तीन हंगाम काढले. पण तुमच्या कचेरीतून त्याच्याकडे शिडं जायची बंद झाली. "त्याच्या कामात खोट आहे," असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, आणि गोदीत तुमचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

पुढे घरात कोणाचंही स्थळ, कोणाचीही नोकरी निघाली की तुम्ही म्हणायचात, "माणूस ओळखण्यात मी जन्मात एकदाच चुकलो, त्या माझगावच्या कोळ्याच्या बाबतीत." आई पानं वाढत असायची. तिचा हात थांबायचा नाही.

आई गेली त्या वर्षी आपण दोघं माझगावला बोटीवर कोणाला तरी पोचवायला गेलो होतो. तो रस्त्याच्या कडेला बसला होता, डोळे अधू झालेले, जवळ सुई नव्हती. त्याने तुमचा आवाज ओळखला आणि उठून हात जोडले. तुम्ही मान फिरवलीत आणि चालू लागलात. मी तिथे होते. चार पावलं मागे. शपथ आईबरोबर सुटली होती, तोंडाला कुलूप घालणारं आता कोणी नव्हतं. त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं माझ्याच घरी होतात आणि मी रोज तुम्हाला जेवायला वाढत होते.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी धाडलं नसतं. शपथेमुळे गप्प बसले असं मी आजवर स्वतःला सांगत आले, ते खरं नाही. माझी शाळा चौथीत सोडवलीत, मी रडले, तर सगळे म्हणाले, बाबांना कळतं. तुम्ही स्थळ पाहिलंत, मला विचारलंही नाहीत, आणि मेलं तेही चांगलं निघालं! तुमच्या तोंडून "मी चुकलो" हे शब्द फक्त त्या एका वाक्यात यायचे. ते ऐकायला मला फार आवडायचं, बाबा. एवढ्यासाठी मी त्या म्हाताऱ्याला खोटा राहू दिला.